डेस्कटॉप तापतोय? आधी तापमान कसं चढतं ते बघा

हार्डवेअर दुरुस्ती शिकायला लागलं की तापणारं मशीन फार लवकर हातात येतं. "चालू होतं, जरा वेळ चालतं आणि धाडकन बंद पडतं," ही तक्रार. माझ्याकडे असं पहिलं मशीन आलं तेव्हा मी लगेच कॅबिनेट उघडलं, धूळ काढली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या हीटसिंकला पोचवणारा लेप, बदलली. मशीन परत बंद पडलं. पुन्हा पेस्ट लावली, या वेळी जरा सढळ हाताने. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा मशीन चालू ठेवून, पंख्यापासून बोट लांब ठेवत, हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या आणि त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, बुडाशी हात लावून पाहिला. स्क्रीनवर प्रोसेसर ९८ अंश सेल्सियस दाखवत होता आणि हीटसिंक जेमतेम कोमट होता.

उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नव्हती. त्याला धरून ठेवणाऱ्या चार प्लॅस्टिकच्या पिनांपैकी एक मदरबोर्डच्या भोकात पुरती बसलेली नव्हती, त्यामुळे एक कोपरा केसभर उचललेला होता. तेवढ्या फटीत हवा होती, आणि हवेतून उष्णता फार कमी जाते. पिन दाबली, 'कट्' असा आवाज आला आणि काम झालं. पेस्ट बदलण्यात गेलेला सगळा वेळ मोजमाप न करता काम सुरू केल्यामुळे गेला होता.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: पेचकस उचलण्याआधी तापमान कसं चढतं ते बघा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेंप, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स, तापमान दाखवणारा यातला कुठलाही प्रोग्राम चालेल. मशीन दहा मिनिटं नुसतं चालू ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा एखादा प्रोग्राम चालवा आणि नजर आकड्यावर ठेवा.

भार दिल्यावर दोन-चार सेकंदांत तापमान पंचेचाळीसवरून पंचाण्णववर उडी मारत असेल, तर संशय प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मधल्या जागेवर घ्यायचा. पेस्ट वाळली असेल, हीटसिंक नीट बसला नसेल, किंवा नव्या कूलरच्या बुडाची पारदर्शक फिल्म काढायची राहिली असेल. याउलट तापमान दहा-पंधरा मिनिटं हळूहळू वर सरकत राहिलं, तर उष्णता हीटसिंकमध्ये येते आहे पण तिथून बाहेर जात नाही. तिथे धूळ, मंदावलेला पंखा किंवा कॅबिनेटमधली कोंडलेली हवा शोधायची. भार काढल्यावर काय होतं तेही बघा. पहिल्या प्रकारात आकडा झटकन खाली येतो, कारण हीटसिंक मुळात थंडच असतो. दुसऱ्या प्रकारात तापलेला धातू निवायला वेळ घेतो.

एक सावधगिरी मात्र हवी. काही नवे प्रोसेसर पूर्ण भाराखाली मुद्दाम वरच्या मर्यादेपर्यंत जातात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालतील असेच बनवले आहेत. तिथे नुसती उडी पाहून निदान करू नका, हीटसिंक किती तापलाय तेही बघा. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागलं नाही तरच मशीन बंद होतं. त्यामुळे "कॉम्प्युटर स्लो झालाय" अशी तक्रार आली तरी मी आधी तापमान बघतो.

दुसरी सोपी चाचणी म्हणजे कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच भार पुन्हा द्यायचा. तापमान पाच-दहा अंशांनी उतरलं तर दोष हवेच्या वाटेत आहे. पंखे कुठल्या दिशेला हवा फेकतात ते तपासा. बहुतेक पंख्यांच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आत आणि मागून-वरून बाहेर, ही साधी वाट पुरते. पुढचा आणि मागचा पंखा दोन्ही हवा आतच ढकलत आहेत, असंही मी पाहिलं आहे.

धूळ काढताना हीटसिंकवरचा पंखा सोडवाच. वरून स्वच्छ दिसलं तरी पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा थर साचलेला असतो, बोटाने उचलला तर अख्खा निघून येतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडला तर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

हीटसिंक काढताना सरळ वर ओढू नका. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येऊ शकतो आणि खालच्या बारीक पिना वाकू शकतात. मशीन थोडं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सुटा करा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी ठेवायची. पिना तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबायच्या, स्क्रू असतील तर त्याच क्रमाने थोडे थोडे आवळायचे, म्हणजे दाब सारखा पडतो. प्रत्येक पिन मदरबोर्डच्या मागच्या बाजूने बाहेर आली का, ते टॉर्च लावून बघा. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागीच जोडा.

एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो. त्याचा पंखा थांबला असेल तर अख्खा एसएमपीएस बदलायचा.

काम झालं की तोच प्रोग्राम, तेवढाच वेळ, आणि शक्यतो त्याच खोलीत पुन्हा चालवा. माझ्या वहीत प्रत्येक मशीनसाठी चार आकडे असतात: आधीचं नुसतं आणि भाराखालचं, नंतरचं नुसतं आणि भाराखालचं. अर्धा तास भार देऊन चौथा आकडा स्थिर राहिला की मगच मी झाकणाचे स्क्रू लावतो.