डिझेल कॅम्परव्हॅनचं बॉनेट उघडल्यावर काय कुठे आहे, हे कसं ओळखावं

बॉनेटखालचे भाग ओळखायला शिकवणारे बहुतेक लेख एक चित्र देतात आणि त्यावर बाण काढतात. चित्र तुमच्या गाडीचं नसतंच, मग बाणांचा काय उपयोग? आपल्याकडच्या फोर्स ट्रॅव्हलरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीला धरून बसवलेलं असतं. युरोपात ज्या फियाट ड्युकाटोवर कितीतरी कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या व्हॅन, बांधल्या जातात, तिच्यात ते आडवं असतं. एका गाडीचा फॅन बेल्ट ग्रिलच्या मागे दिसतो, दुसरीचा चाकाच्या बाजूला. भागांच्या जागा अशा बदलतात, पण हवा कुठून कुठे जाते, डिझेल कसं पोहोचतं, हा क्रम बदलत नाही. तो क्रम धरून चला.

गाडी रात्रभर थंड झालेली हवी. वरचं प्लास्टिकचं कव्हर आधी काढून ठेवा. ते आवाज कमी करण्यापुरतं असतं आणि निम्मे भाग झाकून टाकतं. बऱ्याच व्हॅनमध्ये इंजिनचा मागचा भाग पुढच्या काचेखाली गेलेला असतो. तिथे टॉर्च आणि मोबाइलचा कॅमेरा आत धरून फोटो काढणं हाच उपाय.

टाक्या आणि झाकणं

हे सोपं आहे. ड्रायव्हरच्या समोर मागच्या पत्र्याला लागून असलेली छोटी टाकी ब्रेक ऑइलची. बऱ्याच गाड्यांत क्लचही त्यावरच चालतो. पारदर्शक, मिन-मॅक्सच्या खुणा असलेली, जाड होज म्हणजे रबरी नळी जोडलेली टाकी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची. तिचं झाकण गरम इंजिनवर कधीही उघडू नये. काचेवर पाण्याचा फवारा असं चित्र असेल ती वायपरची. इंजिन ऑइलची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचं, म्हणजे डिपस्टिकवरचं, ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात नवं ऑइलही लवकर काळं होतं. मात्र पातळी वाढलेली दिसली तर गॅरेज गाठा, कारण त्यात डिझेल मिसळत असण्याची शक्यता असते.

निळं झाकण युरियाचं, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू कमी करणाऱ्या डीईएफचं. ते प्रत्येक गाडीत नसतं, आणि असलं तरी बऱ्याचदा बॉनेटखाली नसून डिझेलच्या तोंडाशेजारी असतं. हे ३२.५ टक्के युरियाचं पाणी डिझेलच्या टाकीत चुकून गेलं, तर चावीला हातही लावू नका. आधी टाकी रिकामी करून घ्या.

डिझेलचा रस्ता

मागून येणारी नळी डिझेल फिल्टरला मिळते. फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो, काही गाड्यांत वर हाताने दाबायचा पंपही असतो. पुढे हाय प्रेशर पंप, तिथून कॉमन रेल नावाची जाड पोलादी दांडी, आणि तिच्यातून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या वाकवलेल्या पोलादी नळ्या. या नळ्यांत १६०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. ‘एअर धरली आहे (डिझेलच्या नळीत हवा अडकली आहे), नट जरा सैल करून बघ’ हा जुन्या गाड्यांसाठीचा सल्ला इथे पाळू नका. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. स्पार्क प्लग शोधत बसू नका, डिझेलला ते नसतात. नोझलजवळ दिसतात ते ग्लो प्लग, थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे.

हवेचा रस्ता

इथे मी अडलो होतो, आणि ते मला महागात पडलं.

सावंतवाडीहून आंबोली घाट चढत होतो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडीचा पिकअप अचानक मेला, मागे काळा धूर, आणि पाय दाबला की पुढून फुस्स असा आवाज. वर आल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) गेला, नवाच बसवावा लागेल, असं सांगण्यात आलं. टर्बो कोणता आणि त्याला जोडलेली होज कोणती, हेच मला माहीत नव्हतं. मी हो म्हणालो. टर्बो बदलला, बिल भरलं, आणि पुढच्याच चढावर तोच धूर आणि तोच आवाज. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजवरून घसरलेली क्लिप दाखवली आणि पान्ह्याने आवळून दिली. तेवढंच काम होतं.

म्हणून हा रस्ता बोटाने धरून तपासा. सुरुवात एअर फिल्टरच्या मोठ्या काळ्या डब्यापासून. त्यातून निघणाऱ्या पाइपवर वायर लावलेला छोटा सेन्सर दिसेल, तो आत जाणारी हवा मोजतो. पाइप पुढे टर्बोला मिळतो. टर्बो म्हणजे दोन गोगलगायी पाठीला पाठ लावून बसल्यासारखा आकार. एक बाजू ॲल्युमिनियमची, चकचकीत; दुसरी बिडाची, गंजलेली तांबूस. चकचकीत बाजूला ताजी हवा दाबली जाते, गंजलेल्या बाजूला एक्झॉस्टचा गरम वायू येतो. हा फरक डोळ्यांत एकदा बसला की पुढे चूक होत नाही.

दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला समोरच्या इंटरकूलरकडे जाते आणि तिथून इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपमध्ये. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड अशा दोन जाड होज मिळतील. रेडिएटरच्या होजही पुढेच जातात, म्हणून लोक इथे फसतात. थंड इंजिनवर होज दाबून बघा: आत पाणी जाणवलं तर रेडिएटरची, पोकळ लागली तर इंटरकूलरची. इंटरकूलरच्या होज जास्त जाड असतात आणि त्यांच्या क्लिपा रुंद. जोडावर ऑइलचा पातळ थर दिसला तर लगेच काळजी नको, थोडं ऑइल तिथे असतंच. पण जोडाबाहेर काळा ओला शिंतोडा उडालेला असेल, तर हवा तिथूनच सुटते आहे. सेन्सरने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल टाकलं जातं आणि हवा वाटेतच पळते, म्हणून धूर काळा. टर्बोचं सील जातं तेव्हा ऑइल जळून धूर निळसर येतो. तुमचा धूर काळा असताना कोणी टर्बो बदलायला सांगितलं, तर आधी सगळ्या क्लिपा तुमच्यासमोर तपासून मागा.

आता ईजीआर. एक्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इनटेकमध्ये सोडला की आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी होतात. त्यासाठी इंजिनला चिकटून स्टीलची चपटी पेटी असते, तिला कूलंटच्या दोन बारीक होज जोडलेल्या असतात. हा ईजीआर कूलर. नावातल्या ‘कूलर’मुळे मी याला बरेच दिवस इंटरकूलर समजत होतो. इंटरकूलर वाऱ्यावर थंड होतो आणि रेडिएटरसारखा जाळीदार असतो; ईजीआर कूलर पाण्यावर थंड होतो आणि बाहेरून जाळी नसते.

टर्बोच्या गंजलेल्या बाजूच्या पुढे सायलेन्सरच्या रस्त्यावर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, जाड डबा येतो. त्याच्या आधी आणि नंतर निघालेल्या दोन बारीक नळ्या एका सेन्सरला मिळतात, त्यावरून तो ओळखा. साठलेली काजळी जाळायला त्याला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि उभ्या गाडीत ते सहसा गाठलं जात नाही. कॅम्परवाले मुक्कामाच्या जागी मागची, राहण्याच्या भागातली बॅटरी चार्ज करायला तासन्‌तास इंजिन चालू ठेवतात, त्यांचे डीपीएफ तुंबतात. कृपया असं करू नका.

बेल्ट आणि वीज

बेल्टच्या बाजूला अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप. अल्टरनेटरला जाड वायर असते आणि खाचांतून तांबं दिसतं. कॉम्प्रेसरला ॲल्युमिनियमच्या पाइप.

कॅम्पर बनवणाऱ्याने वाढवलेलं

कंपनीच्या पुस्तिकेत हे सापडणार नाही. इंजिनच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून मागे जाणारी जादा जाड केबल शोधा. बॅटरीपासून साधारण वीतभर अंतरात तिच्यावर फ्यूज हवाच. नसेल तर आधी तो बसवा आणि मगच प्रवासाला निघा, कारण ती केबल पत्र्याच्या कडेवर घासून सोलली तर आग लागते. केबल पुढे रिलेला (दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला) किंवा डीसी-डीसी चार्जरला (मागच्या बॅटरीला जाणारा करंट आवरून धरणाऱ्या चार्जरला) मिळते. मागे लिथियमची बॅटरी असेल तर चार्जरच हवा, नुसत्या रिलेवर अल्टरनेटर जळण्याची भीती असते.

हे सगळं फिरून झालं की वरून चार-पाच फोटो काढा, प्रत्येक भागावर त्याचं नाव लिहा, आणि प्रिंट गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. इंटरकूलरच्या चारही क्लिपांवर पांढऱ्या रंगाची रेघ अशी मारा की ती होजवरही उमटेल. क्लिप सरकली तर रेघ तुटलेली दिसते, घाट चढायच्या आधीच.