सरावाच्या पिस्तूल काडतुसांसाठी पावडर निवडताना

हाताने काडतुसे भरणारे बरेच जण आधी पावडरचा डबा विकत घेतात आणि मग त्याला जुळणारे माप (दर काडतुसात टाकायचे पावडरचे प्रमाण) कुठे सापडते ते शोधत बसतात. हा क्रम उलटा असायला हवा. काडतूस कोणते, त्यात बसवायची गोळी किती वजनाची आणि कशाची, ती साधारण किती वेगाने सुटायला हवी, हे आधी ठरवावे. मग त्या गोळीसाठी पावडरच्या किंवा गोळीच्या उत्पादकाने छापलेले अधिकृत कोष्टक उघडावे आणि त्यात जी नावे आहेत त्यांतूनच एक निवडावे. ज्या पावडरचे नाव कोष्टकात नाही, ती कितीही स्वस्त मिळत असली तरी त्या गोळीपुरती बाद समजावी. काडतुसे भरण्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि काही ठिकाणी परवान्याशिवाय पावडर नुसती बाळगणेही गुन्हा ठरते, त्यामुळे पुढचे विवेचन कायद्याने तशी मुभा असलेल्यांसाठीच आहे.

येथे पावडर म्हणजे नायट्रोसेल्युलोजपासून बनलेली धूररहित पावडर. फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी १८८४ साली तिचे पहिले यशस्वी रूप तयार केले. जुनी काळी दारू आणि ही पावडर एकमेकींच्या जागी कधीही चालत नाहीत. काळ्या दारूच्या मापाने धूररहित पावडर भरली तर हत्यार फुटू शकते. फक्त नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली पावडर सिंगल बेस म्हणून ओळखली जाते, तर नायट्रोग्लिसरीनची जोड दिलेली पावडर डबल बेस म्हणवते. डबल बेस पावडर सहसा अधिक ऊर्जा देते आणि अधिक गरम जळते. सरावापुरता हा फरक दुय्यम आहे. त्याहून अधिक महत्त्व जळण्याच्या वेगाला आणि पावडरच्या घनतेला आहे.

वेगाचे गणित असे की हँडगनची नळी आखूड असते, गोळी तिच्यातून क्षणार्धात बाहेर पडते आणि तेवढ्या वेळात पावडर जळून संपायला हवी. हलक्या सरावी भारात, म्हणजे कमी पावडर भरलेल्या काडतुसात, दाब मुळातच कमी असल्यामुळे मंद पावडर पुरती पेटत नाही. नळीत आणि यंत्रणेत न जळलेले कण उरतात, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये असा एखादा कण रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जाऊन बसला तर सिलिंडर फिरता फिरता अडकतो. म्हणून सरावासाठी शीघ्र ते मध्यम वेगाच्या पावडरींकडे वळावे. अलायंटची बुल्सआय, हॉजडनची टाइटग्रुप, व्हिटावुओरीची एन३२०, विंचेस्टर २३१ आणि अलायंटची युनिक ही या पट्ट्यातली प्रसिद्ध नावे आहेत. त्यांत बुल्सआय शीघ्र टोकाची आणि युनिक मध्यम गतीची. बुल्सआय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आली आणि आजही तिच्यावर नेमबाजी चालते, यावरून या कामाच्या गरजा किती थोड्या बदलल्या आहेत ते लक्षात येते.

जळण्याच्या वेगानुसार पावडरींची उतरंड दाखवणारे तक्ते सर्वत्र मिळतात. त्यांचा उपयोग कोणती पावडर कोणाच्या शेजारची आहे एवढे पाहण्यापुरताच करावा. तक्त्यात लागोपाठ आलेल्या दोन पावडरींची मापे सारखी असतील असे मानणे धोक्याचे आहे, कारण दोन क्रमांकांमधले अंतर किती हे तो तक्ता सांगतच नाही. नावांचाही घोळ होतो: एन३२०, एन३४० आणि एन३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत, आणि अॅक्युरेट कंपनीच्या क्रमांक २ व क्रमांक ५ या पावडरींची अदलाबदल चालत नाही. उलट विंचेस्टर २३१ आणि हॉजडन एचपी-३८ ही एकाच पावडरची दोन लेबले आहेत. असे प्रकार अपवाद म्हणूनच लक्षात ठेवावेत. त्यावरून स्वतःचे निष्कर्ष काढू नयेत.

शीघ्र पावडरला खालच्या बाजूने, म्हणजे माप कमी करण्यात, मोठी सवलत असते, पण वरच्या बाजूने ती निष्ठुर असते. माप थोडे वाढवले तरी दाब झपाट्याने चढतो. अमेरिकेतील सामी या संस्थेच्या मानकांनुसार .३८ स्पेशल या काडतुसासाठी कमाल दाब १७,००० पाउंड प्रति चौरस इंच, .४५ एसीपीसाठी २१,००० आणि नऊ मिलिमीटर लुगरसाठी ३५,००० इतका आहे. नऊ मिलिमीटरची पुंगळी लहान असल्यामुळे गोळी थोडी अधिक खोल बसली तरी आतली जागा घटते आणि त्याच मापाने दाब वाढतो. म्हणून या काडतुसात जड गोळी आणि अतिशीघ्र पावडर अशी जोडी जमवताना कोष्टकातील काडतुसाच्या एकूण लांबीचा आकडाही मापाइतकाच काटेकोरपणे पाळावा लागतो.

माझ्या मते सरावाच्या पावडरची खरी कसोटी मात्र वेगळी आहे: भरताना झालेली चूक ती डोळ्यांना दाखवते का? .३८ स्पेशलची पुंगळी मूळ काळ्या दारूच्या काळातल्या आराखड्यातून आलेली, म्हणून आतून प्रशस्त आहे. तिच्यात बुल्सआयचे लक्ष्यनेमबाजीचे माप जेमतेम तीन ग्रेनच्या आसपास असते, म्हणजे ०.२ ग्रॅमहूनही कमी. वरून पाहिले तर तळाशी करड्या पत्रींचा एक पातळ थर तेवढा दिसतो. त्यावर चुकून दुसरे माप पडले तरी पुंगळी अर्ध्याहून रिकामीच राहते आणि घाईत काम करणाऱ्याच्या नजरेतून ते सुटू शकते. टाइटग्रुपसारखी घन पावडर नऊ मिलिमीटरच्या पुंगळीतही दुप्पट मावते. याउलट युनिकसारख्या फुगीर पत्री पावडरचे नेहमीचे माप नऊ मिलिमीटरमध्ये दुप्पट टाकले तर ते काठावरून सांडते. चूक टेबलावरच उघड होते. दुप्पट मापाने हत्यार फुटू शकते हे लक्षात घेता, नव्याने सुरुवात करणाऱ्याने दर काडतुसामागे ग्रेनभर पावडर जास्त खर्ची पडली तरी फुगीर पावडरच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

काटकसरीचा हिशेबही वाटतो तेवढा मोठा नाही. एका पाउंडात ७,००० ग्रेन असतात. चार ग्रेनचे माप धरले तर त्यात १,७५० काडतुसे भरतात आणि पाच ग्रेनचे धरले तर १,४००. सहसा काडतुसाच्या एकूण खर्चात गोळी आणि प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी) यांचाच वाटा मोठा असतो, त्यामुळे केवळ ग्रेन वाचवण्यासाठी घन पावडरची जोखीम पत्करण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांच्या प्रोग्रेसिव्ह (हँडलच्या एका ओढीत अनेक टप्पे उरकणाऱ्या) यंत्रावर पावडरची पातळी तपासणारा वेगळा टप्पा आहे आणि ज्यांना प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याची सवय जडली आहे, त्यांनी हवी ती निवड करावी.

दुसरी कसोटी आपल्या यंत्रातून पावडर सारख्या मापाने पडते की नाही ही. बारीक, गोलसर दाण्यांची पावडर वाळूसारखी वाहते आणि मापात क्वचितच चुकते. मोठ्या पत्रींची पावडर मापाच्या पोकळीत कधी दाटते, कधी सैल बसते, आणि पत्री कापली जाताना हँडलला बारीकसा खरखरता विरोध जाणवतो. येथे वर सांगितलेल्या फुगीरपणाशी थोडा झगडा होतो हे मान्य करायला हवे. त्यातून मार्ग काढायचा तर सलग दहा मापे टाकून प्रत्येक वेगवेगळे तोलावे. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या मापातला फरक ०.२ ग्रेनपर्यंत असेल तर मध्यम दाबाच्या सरावी भाराला तो सहसा चालतो. भार कमाल मर्यादेजवळ असेल तर नाही. तसेही सरावाचा भार कमाल मर्यादेजवळ नेण्याचे कारणच नाही.

मोठ्या पुंगळीतल्या छोट्या मापाची आणखी एक खोड आहे. पावडर प्रायमरपाशी साचली आहे की गोळीपाशी, यावर काही पावडरींमागे गोळीचा वेग लक्षणीय बदलतो. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे उपकरण) असेल तर रेंजचे नियम पाळून आणि नळी सुरक्षित दिशेतच ठेवून हे तपासता येते: प्रत्येक वेळी नळी हळू वर करून मग आडवी आणत पाच फैरी झाडाव्यात, त्यानंतर नळी खाली करून आडवी आणत पाच, आणि दोन्ही सरासऱ्या ताडून पाहाव्यात. टाइटग्रुपची ख्याती याच बाबतीत चांगली आहे, म्हणजे तिला पुंगळीतल्या जागेचे फारसे पडलेले नसते. घनतेबद्दलची माझी तक्रार असूनही अनुभवी लोक तिला का सोडत नाहीत, त्याचे हे एक कारण.

गोळी कशाची आहे यावरही निवड फिरते. मेणयुक्त वंगण लावलेल्या ओतीव शिशाच्या गोळीमागे कोणतीही पावडर धूर काढतेच, पण गरम जळणाऱ्या डबल बेस पावडरमागे तो अधिक जाणवतो. रंगीत पॉलिमरचा थर दिलेल्या गोळ्यांबाबतही अनेक जण थंड जळणारी सिंगल बेस पावडर पसंत करतात; एन३२० चे नाव घेतले जाते ते यासाठी. बंद रेंजमध्ये सराव करणाऱ्याने धुराचा मुद्दा बराच वर ठेवावा.

स्पर्धेसाठी सराव असेल तर पॉवर फॅक्टर सांभाळावा लागतो: गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले १,०००. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या मायनर गटासाठी तो किमान १२५ हवा. १२४ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सेकंदाला १,०१० फुटांच्या आसपास वेग लागतो, तर १४७ ग्रेनच्या गोळीला साधारण ८६० पुरतात, आणि बहुतेकांना या दुसऱ्या, जड गोळीचा धक्का मऊ वाटतो. पावडरचे वजनही गोळीबरोबर नळीतून बाहेर फेकले जाते, म्हणून कमी मापात काम भागवणारी शीघ्र पावडर धक्का आणखी थोडा कमी करते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात मात्र भार इतका हलका नसावा की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे जाणार नाही. बाहेरून काजळलेल्या पुंगळ्या दिसू लागल्या तर दाब फार खाली गेला आहे आणि पुंगळी चेंबरला (नळीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला) नीट चिकटत नाही असे समजावे.

मॅग्नम काडतुसांसाठीच्या एच११० आणि विंचेस्टर २९६ या पावडरी, ज्या मुळात एकच आहेत, सरावासाठी घेऊच नयेत. त्यांची मापे छापील आकड्यांपेक्षा खाली उतरवण्यास उत्पादकाचीच मनाई आहे. फार हलके माप टाकल्यास पावडर नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. तशात पुढची फैर झाडली गेली तर नळी फुटू शकते. म्हणून बार नेहमीपेक्षा फुसका वाटला की तिथेच थांबून, हत्यार रिकामे करून, नळी आरपार पाहावी. ही सूचना कोणत्याही पावडरला लागू आहे.

नावे दोन-तीनांवर आली की प्रत्येकीचा एकेक पाउंडाचा डबा घ्यावा; आठ पाउंडांचा मोठा डबा पसंती पक्की झाल्यावर. कोष्टकातल्या सुरुवातीच्या मापापासून आरंभ करावा, आणि फक्त कमाल माप दिलेले असेल तर त्याहून १० टक्के खाली उतरून. गोळी, प्रायमर किंवा पावडरचा लॉट यांपैकी काहीही बदलले तर पुन्हा खाली येऊन वर चढावे. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा आणि काम संपताच यंत्राच्या नळकांड्यातली पावडर त्याच मूळ डब्यात परतावी. डबल बेस पावडर रात्रभर राहिली तर प्लॅस्टिकवर डाग पाडते, आणि दुसऱ्या दिवशी आत कोणती पावडर आहे याची खात्री उरत नाही ती वेगळीच. डबे थंड, कोरड्या जागी ठेवावेत. उघडताच आंबूस, झोंबरा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती पावडर खराब झाली आहे; ती वापरू नये, इतर पावडरींपासून लगेच दूर ठेवावी आणि उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे तिची विल्हेवाट लावावी.