एनपीएसमधले आपले पैसे जातात कुठे आणि सांभाळतं कोण, हे घरबसल्या कसं तपासायचं

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर महाराष्ट्र राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांच्या पगारातून दर महिन्याला एनपीएसची, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेची, कपात होते आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा कायम एकच, बाजार पडला तर आपलं काय. चिंता खोटी नाही, पण माझं मत विचाराल तर पैसे बाजारात पोचायच्या आधीच जी गळती होते तिकडे कोणी बघत नाही, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करा.

पायरी १: स्टेटमेंट काढा. १२ आकडी प्रान नंबर (एनपीएसचा तुमचा कायमचा खाते क्रमांक) टाकून सीआरएच्या, म्हणजे एनपीएसच्या खात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर लॉगिन करा. आपल्याकडे बहुतेकांचं खातं प्रोटीअन या सीआरएकडे आहे, जुनी मंडळी अजून एनएसडीएलच म्हणतात. तिथून ट्रान्झॅक्शन स्टेटमेंट आर्थिक वर्षानुसार डाउनलोड करा. होल्डिंग स्टेटमेंट वेगळं असतं, त्यात फक्त आजची शिल्लक दिसते, त्यावर भागवू नका.

पायरी २: पगाराची स्लिप शेजारी ठेवा. खरं काम हेच. समजा बेसिक आणि डीए मिळून ६०,००० रुपये, तर तुमचे १० टक्के म्हणजे ६,००० आणि सरकारचे १४ टक्के म्हणजे ८,४००, एकूण १४,४०० दर महिन्याला दिसायला हवेत. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि समोर तारीखही असते. ती तारीख बघा. पगार जूनचा आणि जमा ऑगस्टच्या शेवटी, असं असेल तर मधल्या काळाचं एक रुपयाही उत्पन्न खात्यावर चढलेलं नसतं, कारण इथे पीएफसारखं ठरलेलं व्याज नाही, पैसे पोचले त्या दिवसाच्या एनएव्हीने, म्हणजे फंडातल्या एका हिश्श्याच्या भावाने, युनिट म्हणजे असे हिस्से मिळतात आणि तोवर एनएव्ही वर गेली असेल तर तेवढ्याच पैशात युनिट कमी येतात. उशीर का होतो? ऑफिसकडून दोन गोष्टी जातात, कोणाचे किती याची फाइल आणि प्रत्यक्ष रक्कम. रक्कम ट्रस्टी बँकेत म्हणजे अ‍ॅक्सिस बँकेत पोचते, ती फाइलशी जुळली तरच युनिट पडतात, एका माणसाचा प्रान चुकला तरी गाडी अडते. आणि जे २००५ ते २०१५ च्या दरम्यान लागले त्यांनी डीसीपीएसची (एनपीएसच्या आधीची राज्याची अंशदायी पेन्शन योजना) जुनी रक्कम व्याजासकट प्रानवर आली का हे आवर्जून बघावं, हा विषय आपल्याकडे किती वर्षं रखडतो ते झेडपीच्या कुठल्याही मास्तरांना विचारा.

पायरी ३: पैसे कोणाकडे जातात ते बघा. तुम्ही काही निवडलं नसेल तर रक्कम एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी यांच्या पेन्शन फंडांत वाटली जाते, म्हणून स्टेटमेंटमध्ये स्टेट गव्हर्नमेंट नावाच्या तीन स्कीम दिसतात, घाबरू नका. यातला मोठा भाग सरकारी रोख्यांत, त्याखालोखाल कंपन्यांच्या बाँडमध्ये. शेअरमध्ये कितीही टाकता येत नाही, कमाल मर्यादा ठरलेली असते, अनेक वर्षं ती १५ टक्के होती, सध्याची किती ते पीएफआरडीए या पेन्शन नियामक संस्थेच्या ताज्या परिपत्रकात बघून घ्या. म्हणजे सेन्सेक्स आपटला की सगळी पेन्शन गेली हे काही खरं नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०१९ पासून फंड आणि पद्धत निवडता येते, सगळं सरकारी रोख्यांत ठेवा नाहीतर वयाप्रमाणे शेअर कमी होत जाणारा एलसी-२५ किंवा एलसी-५० (शेअर जास्तीत जास्त २५ किंवा ५० टक्के) यांसारखा पर्याय घ्या.

पायरी ४: फंडाची यादी उघडा. प्रत्येक फंड आपल्या साइटवर पोर्टफोलिओ, म्हणजे पैसे कशाकशात गुंतवलेत त्याची यादी, टाकतो. शेअरची नावं ओळखीचीच निघतील, बाँडची यादी मात्र नीट वाचा. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्त कंपनीने पैसे थकवले तेव्हा पेन्शन फंडांचेही पैसे त्यात अडकले, आणि त्या कागदांना थोडे दिवस आधीपर्यंत एएए, म्हणजे सगळ्यात वरचं, रेटिंग होतं! रेटिंग म्हणजे गॅरंटी नव्हे, एवढं डोक्यात ठेवून यादी बघा. फंडाची फी मात्र शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैसेसुद्धा नाही.

पायरी ५: कोणाचं काय काम ते ओळखा. फंड फक्त गुंतवणूक करतो, मालमत्ता त्याच्या नावावर नसते. ती एनपीएस ट्रस्टच्या नावावर असते, २००८ मध्ये यासाठीच हा ट्रस्ट काढला आणि तो तुमच्या वतीने ती धरून असतो. त्यामुळे फंड चालवणारी कंपनी अडचणीत आली तरी तुमची युनिट तिची देणी भागवायला वापरता येत नाहीत. नियम बनवणारी आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारी पीएफआरडीए, तिला २०१३ च्या कायद्याचा आधार आहे. पण पगारातून कापलेले पैसे पुढे पाठवायचं काम तुमच्या डीडीओचं (ऑफिसात पगाराची बिलं काढणारे अधिकारी) आणि कोषागाराचं, तिथे अडलं तर फंडाला शिव्या घालून उपयोग नाही.

पायरी ६: फरक दिसला तर लेखी द्या. आधी डीडीओकडे अर्ज, पोच घ्यायची. अर्जात महिना, कपातीची रक्कम आणि स्टेटमेंटमधली रक्कम एका ओळीत लिहा, सोबत स्लिप आणि स्टेटमेंटची झेरॉक्स जोडा, नुसतं "पैसे जमा नाहीत" लिहिलं की अर्ज टेबलावरच फिरत राहतो. हलत नसेल तर सीआरएच्या लॉगिनमधून तक्रार नोंदवा, टोकन नंबर मिळतो तो जपून ठेवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर तोच नंबर घेऊन एनपीएस ट्रस्टकडे जायचं, आणि तिथेही समाधान झालं नाही तर एनपीएसच्या तक्रारींसाठी असलेल्या लोकपालाकडे.