नर्मदा परिक्रमेत पाय दुखावला, तर या चुका टाळा

ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालं की काही दिवसांत दम वाढतो, मांड्या-पोटऱ्या सरावतात. हाडं आणि स्नायुबंध मात्र तेवढ्या लवकर तयार होत नाहीत. म्हणून चालणं अंगवळणी पडतंय असं वाटत असतानाच नडगी ठणकू लागते.

मग थांबलो तर संकल्प मोडेल या भीतीने लंगडत चालणं सुरू होतं. माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक. लंगडण्याने भार दुसऱ्या गुडघ्यावर जातो आणि एकाची दोन दुखणी होतात. परिक्रमेच्या परंपरेत थांबणं आहेच: चातुर्मासात एका जागी मुक्काम असतो, आणि जुन्या रीतीची परिक्रमा ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. मैया ओलांडायची नाही, एवढं सांभाळून त्याच तटावरचा दवाखाना गाठा. वाहनाने जावं लागलं, तर जिथे चालणं सोडलं तिथूनच पुन्हा सुरू करा.

नडगी बोटाने दाबून पाहा. वीतभर पट्ट्यात दुखत असेल आणि थोडं चालल्यावर कमी होत असेल, तर अंतर निम्म्यावर आणा, डांबर सोडून कडेच्या मातीवरून चाला. पण रुपयाएवढ्या एकाच जागी हाड दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला म्हणून दुसऱ्या दिवशी सॅक उचलू नका. अशी चीर भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि चालत राहिलात तर हाड पुरतं मोडू शकतं.

घोटा मुरगळला की कुणीतरी प्रेमाने गरम तेल घेऊन येतं. नम्रपणे नको म्हणा. पहिले दोन-तीन दिवस चोळणं-शेकणं टाळा, क्रेप बँडेज बांधा, पाय उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच.

दंड, म्हणजे परिक्रमेत हाती असणारी काठी, बहुतेक जण दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात. तो उलट हातात हवा. उजवा गुडघा दुखतोय, तर दंड डाव्या हातात, आणि उजव्या पावलाबरोबरच पुढे टाकायचा.

वेदनाशामक गोळी घेऊन ठरलेला टप्पा गाठू नका. उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मूत्रपिंडांना इजा करू शकतं. फोडाची साल सोलू नका. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे तपासा, आणि अनवाणी चालण्याचा नेम करू नका. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर मालिश अजिबात नको. आत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

बडवानीपर्यंत गुडघा किंवा घोटा कुरकुरत असेल, तर तसेच शूलपाणीच्या झाडीत शिरू नका. पुढे सातपुड्याचे चढउतार आहेत, वाहनं कमी आहेत. बडवानी दक्षिण तटावरच आहे आणि तिथे जिल्हा रुग्णालय आहे. सलग दोन दिवस, गोळी न घेता, पाठीवर सॅक घेऊन, उतारासकट पाच-सहा किलोमीटर न लंगडता चालता आले की मग पुढे निघा.