बाळाची छाती घुरघुरतेय? या चुका टाळा

निफाडचा पारा खाली गेला की नाशिकमध्ये घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "बाळाला थंडी बाधली." आमचं बाळ पाच महिन्यांचं असताना आम्हीही हेच म्हणालो, दोन स्वेटर चढवले आणि गाफील राहिलो. पहिली चूक हीच.

आजार थंडी देत नाही, विषाणू देतो. दोन वर्षांखालच्या मुलांच्या छातीत उतरणाऱ्या संसर्गात आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू सगळ्यांत पुढे असतो. शिवाय फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडेनोव्हायरस आणि २००१ साली सापडलेला एचएमपीव्ही हे विषाणू आहेतच. मोठ्यांना यांची बहुधा नुसती सर्दी होते. बाळाच्या केसासारख्या बारीक श्वासनलिका मात्र सुजतात, चिकट स्रावाने बुजतात. आमच्याकडे शाळेत जाणाऱ्या ताईला आधी सर्दी झाली होती, आणि ती बाळाचे पापे घेत होती. सर्दी झालेल्याने बाळाला घ्यायचंच असेल तर साबणाने हात धुऊन, मास्क लावून घ्यावं.

मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पाजू नका. विषाणूवर ते चालत नाही. जिवाणूंचा न्यूमोनिया आहे का, हे डॉक्टरांना तपासून ठरवू द्या. खोकल्याचं औषधही मनाने नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून बोट्युलिझम या जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका असतो. आणि आजीचं मन राखायला ओव्याची धुरी? नाही. धुराने सुजलेल्या नळ्या आणखी चिडतात. आजीला मायेने समजावा, पण धुरी थांबवा. नाक चोंदलं असेल तर दूध पाजण्याआधी नाकात सलाईनचे (निर्जंतुक मीठ-पाण्याचे) थेंब घाला. अंगावरचं दूध चालूच ठेवा, थोडं थोडं पण वरचेवर.

सगळ्यांत महागात पडते ती चूक म्हणजे नुसता ताप बघत बसणं. ताप नाही म्हणून आम्ही निश्चिंत होतो, आणि इकडे बाळाच्या बरगड्यांखाली खड्डे पडत होते. बाळ शांत असताना झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर एक तासही थांबू नका.

पहिल्या दोन दिवसांवरून अंदाज बांधू नका. छोट्या नळ्यांची ही सूज बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते. नंतर खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळला, पण बाळ पीत-खेळत असेल, तर दर चार दिवसांनी औषध बदलून मागू नका.

मात्र छाती आत ओढली जातेय, बाळ कण्हतंय, नेहमीच्या निम्मंही दूध पीत नाही, बारा तासांत लंगोट ओला नाही, ओठ निळसर दिसतायत किंवा श्वास मध्येच थांबतोय, यांतलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेले असोत, सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं रुग्णालय गाठा.