बँकांकडून परत आलेला सरकारी पैसा रोजगाराला द्यावा की तुटीत भरावा, हे कसे तपासावे

अडचणीतील बँका सावरण्यासाठी सरकारने दिलेला पैसा परत आला, तर तो लोकांच्या हाताला काम देण्यासाठी वापरावा की सरकारची तूट कमी करण्यासाठी, हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या गटचर्चेत आणि गावच्या वाचनालयात वारंवार निघतो. बोलणारा बहुधा आधी बाजू निवडतो आणि मग आकडे गोळा करतो, त्यामुळे वाद रंगतो पण प्रश्न जागीच राहतो. विदर्भातील खेड्यात बसून हा प्रश्न नीट तपासायचा असेल, तर कोणत्या क्रमाने जावे ते येथे मांडले आहे.

सुरुवात नेहमी पैशाच्या उगमापासून करावी. समजा, एका कास्तकाराने सोसायटीतून कर्ज उचलले आणि ते अडचणीत सापडलेल्या भावाला दिले. दोन हंगामांनी भावाने ती रक्कम थोडी वाढवून परत केली. त्या पैशातून अर्धवट राहिलेली विहीर पूर्ण केली, तर सोसायटीचे देणे तसेच राहते. म्हणजे विहीर प्रत्यक्षात कर्जातूनच झाली. यात चूक काहीच नाही. विहिरीला पाणी लागून कपाशीनंतर हरभरा घेता आला, तर ते कर्ज शहाणपणाचे ठरते. मात्र ‘भावाचे पैसे आले, म्हणून विहीर फुकटात झाली’ असा हिशेब घरात कोणी मांडू नये, आणि मार्चअखेरीस कर्ज नवे-जुने करून देणे फिटल्याचे समाधानही मानू नये. सरकारचे अगदी असेच असते. बँकांना दिलेली रक्कम कर्ज काढून उभी केलेली असेल, तर परत आलेला पैसा खर्च करणे आणि तेवढे नवे कर्ज काढणे यांत तुटीच्या दृष्टीने फरक उरत नाही.

उगम कळला की त्या पैशाविषयी कायदा काय म्हणतो ते पाहावे. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये तेथे ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या मदतीचा कायदा झाला. त्यातील सुमारे २४५ अब्ज डॉलर बँकांमध्ये गुंतवले गेले आणि पुढे २७५ अब्जांहून अधिक वसूल झाले. परत येणारी रक्कम सार्वजनिक कर्ज कमी करण्यासाठी तिजोरीत जमा व्हावी, असे त्या कायद्यातच लिहिलेले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील बेरोजगारी १० टक्क्यांवर पोचली, आणि डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने सुमारे १५४ अब्ज डॉलरचे रोजगार विधेयक २१७ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केले. त्यातील ७५ अब्ज या बँक-मदतीच्या निधीतून वळवायचे होते. सिनेटमधून मात्र त्याचे बरेच छोटे रूप बाहेर पडले आणि मार्च २०१० मध्ये त्याचा कायदा झाला. येथे एक तुलना अवश्य करून पाहावी: २००९ या आर्थिक वर्षातील अमेरिकेची तूट सुमारे १,४०० अब्ज डॉलर होती, म्हणजे ७५ अब्ज पूर्णपणे तुटीत घातले असते तरी ती जेमतेम विसाव्या हिश्श्याने कमी झाली असती. शिवाय मंजूर पण न वापरलेली रक्कम ही पेटीत ठेवलेली रोकड नसून केवळ कर्ज काढण्याची परवानगी असते, हा भेद त्या वेळच्या वादात अनेकदा पुसला गेला.

भारताचा हिशेब वेगळा आहे, म्हणून अमेरिकेचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नयेत. २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात केंद्राने सरकारी बँकांमध्ये सुमारे ३.१० लाख कोटी रुपयांचे भांडवल घातले आणि त्यातील बहुतांश रोख्यांच्या मार्गाने दिले. हे रोखे बँकांनी स्वतः विकत घेतले आणि तोच पैसा सरकारने भांडवल म्हणून त्यांच्याकडे परत पाठवला. रोख्यांचे व्याज मात्र अर्थसंकल्पातून जाते. आपल्याकडे मुद्दल परत येत नाही. येतो तो लाभांश, किंवा समभाग विकले तर त्यांची किंमत. २०२३-२४ मध्ये सरकारी बँकांचा नफा १.४१ लाख कोटींवर गेला आणि त्या वर्षासाठी त्यांनी २७,८३० कोटींचा लाभांश दिला, त्यातील सुमारे १८,००० कोटी केंद्राच्या हाती आले. आपल्या अगदी जवळचे उदाहरण सहकारी बँकांचे आहे. परवाना नसलेल्या २३ जिल्हा मध्यवर्ती बँकांसाठी २०१४ मध्ये २,३७५ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली; त्यात महाराष्ट्रातील तीन बँका होत्या, नागपूर, वर्धा आणि बुलढाणा, आणि तिन्ही विदर्भातल्या. ज्यांनी कापूस विकून आलेले पैसे अशा बँकेत ठेवले, त्यांच्यासाठी बँक वाचणे हाच पहिला परतावा होता, आणि चर्चेत ही बाजू विसरणे मला अन्यायाचे वाटते.

यानंतर कागद-पेन्सिल घेऊन एका कोटीचा हिशेब करावा. २०२४-२५ मधील रोजगार हमीच्या ६०:४० या मजुरी आणि साहित्याच्या प्रमाणाने कोटीतील ६० लाख मजुरीला जातात. त्या वर्षीच्या महाराष्ट्रातील २९७ रुपये रोजाने त्यातून सुमारे २०,२०० मनुष्यदिवस मिळतात, म्हणजे २०० कुटुंबांना शंभर दिवसांचे काम. हाच कोटी कर्जफेडीला लावला आणि व्याज ७ टक्के धरले, तर दरवर्षी ७ लाख वाचतात. ते याच प्रमाणात कामावर लावले तर वर्षाला साधारण १,४०० मनुष्यदिवस होतात, म्हणजे १४ कुटुंबांना शंभर दिवस. यंदा २०० कुटुंबे की दरवर्षी १४, असा प्रश्नाचा खरा आकार आहे. दोन्ही पारडी बरोबरीला यायला चौदा वर्षे लागतात. दुसरे पारडे हलके समजू नये, कारण २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील ४८.२१ लाख कोटी खर्चापैकी ११.६३ लाख कोटी केवळ व्याजाचे होते. पण पहिल्या पारड्यात मजुरीशिवाय आणखी काही पडते का, तेही मोजावे. भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलावाचा गाळ काढला तर धानाला पाणी मिळते आणि गाळ शेतात जातो. पांदण रस्ता पक्का झाला तर पावसाळ्यातही बैलबंडी शेतापर्यंत पोचते. पुढच्याच पावसात वाहून जाणारे मातीकाम असेल, तर कर्जफेड बरी.

वेळेचा विचार याच हिशेबाला जोडून करावा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर शोधूनही सापडत नाही, आणि तेव्हा सरकारी काम काढले तर ते वेचणीचेच हात ओढते. मार्च ते मे मात्र तेच हात रिकामे असतात आणि माणसे कामासाठी बाहेरगावी जातात. देशाचेही असेच आहे. मंदीत रिकामे हात कामाला लावण्यासाठी तूट सोसणे मला योग्य वाटते. तेजीत, जेव्हा काम मिळते आहे आणि महसूल वाढतो आहे, तेव्हा परत आलेला पैसा कर्जाकडेच गेला पाहिजे.

रोजगाराच्या बाजूने बोलायचे असेल, तर महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव हाताशी ठेवावा. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी विस्तारली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर लावण्यात आला. गावातील शिक्षकाच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, ती हीच. कामासाठी वेगळे आणि दरवर्षी येणारे उत्पन्न बांधून देणे हा मार्ग बँकांच्या एकदाच परत येणाऱ्या पैशावर विसंबण्यापेक्षा भक्कम आहे, कारण भूक दरवर्षी लागते.

शेवटी आपले मत लिहिताना त्यात चार गोष्टी याव्यात: पैसा कर्जाचा होता की नाही, किती वर्षांसाठी आणि कोणत्या कामाला तो मागत आहोत, तेवढ्यासाठी कायदा बदलावा लागेल का, आणि बेरोजगारी कोणत्या पातळीखाली आल्यावर उरलेली रक्कम कर्जफेडीला जाईल. ही शेवटची अट आकड्यातच लिहावी. ‘परिस्थिती सुधारल्यावर’ असे शब्द वापरले तर ती केव्हा सुधारली हे ठरवणारा कोणी उरत नाही.