गॅलरीतली मीटरपट्टी

बाबांच्या यामाहा आरएक्स-१०० मोटरसायकलचा मूळ मीटर गेला, तेव्हा त्या जागी ६० मिलिमीटरचा छोटा गोल मीटर बसवायचं ठरवलं. तो धरणारी पट्टी मी घरीच केली, गॅलरीत, जुन्या लाकडी स्टुलावर वाइस आवळून.

कोल्हापुरात उद्यमनगरात ५ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा कटपीस मिळाला. १५० बाय १०० चा तुकडा जेमतेम २०० ग्रॅम भरतो. दुकानात एचई-३० जातीचं अॅल्युमिनियम मागा, म्हणजेच ६०८२. कडक असतं, कानशीखाली छान चालतं. पट्टी वाकवायची असेल तर मात्र ५०५२ घ्या. कडक पत्रा थंडच वाकवला की वाकवलेल्या जागी तडकतो.

आधी पट्टीच्या मापाचा पुठ्ठा कापा. तो गाडीवर लावून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. माझ्या पहिल्या पुठ्ठ्याला क्लच केबल घासत होती, तो कचऱ्यात गेला.

बाहेरच्या कडा हॅक्सॉने कापल्या. इंचाला १८ दातांचं पातं, दात पुढे, आणि पात्यावर मेणबत्ती घासलेली. कोरडं पातं अॅल्युमिनियमच्या चुऱ्याने भरतं आणि अडकतं. वाइसच्या जबड्यांत लाकडाच्या पट्ट्या घाला, नाहीतर त्यांचे दात पत्र्यावर उमटतात.

खरं काम मीटरच्या भोकाचं. एवढा होल-सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत, माझ्याकडे नव्हता. म्हणून ६० च्या वर्तुळाच्या आत ५४ चं दुसरं वर्तुळ काढलं, त्यावर दर ५ मिमीला टोकदार पंचाने खूण ठोकली आणि ४ मिमीच्या ड्रिलने ३४ भोकं पाडली. प्रत्येक भोकाला थेंबभर रॉकेल. पंच न मारता ड्रिल टेकवलं तर ते सरकतं आणि भोकं एकमेकांत घुसतात. माझी दोन घुसलीच. मधले पूल हॅक्सॉच्या सुट्या पात्याने तोडले. मग अर्धगोल कानस. दोन संध्याकाळी गेल्या. खालच्या काकूंनी विचारलं, "भांडी घडवायला लागलीस का गं?"

कानशीला फळ्याचा खडू चोळा आणि पितळी ब्रशने ती सारखी झाडा. दातांत अडकलेला एक कण खोल ओरखडा पाडतो आणि तो काढायला अर्धा तास जातो. साध्या ग्राइंडरच्या दगडावर अॅल्युमिनियम अजिबात धरू नका. दगड चोंदतो, तापतो, फुटूही शकतो. ड्रिल करताना चष्मा, कोरडं घासताना मास्क.

पॉलिश पेपर २२० पासून: मग ४००, ६००, १०००, सगळे साबणाच्या पाण्यात. नंबर बदलला की घासायची दिशा काटकोनात फिरवा. आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. मी ४०० वर घाई केली. ऑटोसोल ही चमकवायची पेस्ट लावल्यावर आरशासारख्या चमकेत त्या रेघा ठळक दिसायला लागल्या, आणि पुन्हा ४०० वर यावं लागलं. एवढी चमक नको असेल तर ६०० वर थांबा. पट्टीवर ऊन पडून डोळ्यांत येत नाही, हा फायदाच.

ही पट्टी फक्त मीटरचा भार घेते. ब्रेक कॅलिपर किंवा फूटरेस्टचे भाग मी घरी करत नाही.

बसवताना रबरी वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे) वापरा, बोल्टला थोडं ग्रीस लावा. आपल्याकडच्या पावसात लोखंडी बोल्टभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि पुढच्या वर्षी बोल्ट निघता निघत नाही.